ताऱ्यापुढून कोण गेले?

लहानपणी आमच्या अंगणात एक कोंबडी पिल्ले घेऊन हिंडत असे. दुपारच्या उन्हात जमिनीवरून घारीची सावली सरकली की ती ओरडून पिल्लांना पंखाखाली घेई. घार वर कुठे आहे हे आम्हा मुलांना अजून शोधावे लागे. कोंबडीला मात्र घार आली, ती कोणत्या बाजूने आली आणि कोणत्या बाजूने गेली, हे सारे सावलीवरून कळलेले असे.

आज मला अशाच एका सावलीविषयी बोलायचे आहे. ही सावली मात्र घारीची नाही. ती आहे सूर्यमालेच्या टोकाशी फिरणाऱ्या एखाद्या गोलाची, आणि ती पडते ती उन्हाने नव्हे, ताऱ्याच्या प्रकाशाने. एखादा ग्रह, उपग्रह किंवा लघुग्रह आपल्या वाटेने जाता जाता नेमका एखाद्या ताऱ्याच्या पुढे येतो आणि तारा काही क्षण दिसेनासा होतो. याला खगोलशास्त्रात पिधान म्हणतात. चंद्र रोहिणीला झाकतो ते रोहिणीपिधान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथे झाकणारा चंद्र डोळ्यांना दिसतो. दूरच्या गोलांच्या बाबतीत झाकणारा बहुधा दिसतच नाही. दिसतो तो फक्त तारा आणि त्याचे जाणे.

मग एवढ्याशा गोष्टीसाठी माणसे रात्र रात्र का जागतात? प्लूटोचेच उदाहरण घेऊ. त्याचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर आहे. पण तो आपल्यापासून जवळजवळ पाच अब्ज किलोमीटर दूर आहे. तुळजापूरला देवळाच्या पायरीवर रुपयाचे एक नाणे उभे करून ठेवले आणि ते सोलापुरातल्या गच्चीवरून पाहायचे म्हटले, तर ते जेवढे दिसेल साधारण तेवढाच प्लूटो आकाशात दिसतो. जमिनीवरच्या दुर्बिणीतून त्याचा आकार मोजणे फार अवघड. त्याच्याभोवती हवा आहे की नाही, हे तर विचारायलाच नको.

सावलीचा हिशेब मात्र सोपा आहे. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे वाटेत आलेल्या गोलाची पृथ्वीवर पडणारी सावली साधारण त्या गोलाएवढीच असते. म्हणजे पाच अब्ज किलोमीटरवरच्या नाण्याकडे डोळे फाडून पाहण्याऐवजी आपल्या जमिनीवरून जाणारी त्याची सावली मोजली की काम झाले. ही सावली सेकंदाला साधारण वीस किलोमीटर वेगाने धावते. तारा किती सेकंद गेला होता ते मोजायचे आणि वेगाने गुणायचे.

आपल्याच भागातले उदाहरण घेतो. समजा, साठ किलोमीटर व्यासाच्या एका लघुग्रहाची सावली सेकंदाला वीस किलोमीटर वेगाने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणार आहे. आपण चौघांना दुर्बिणी देऊन पंढरपूर, मोहोळ, सोलापूर आणि नळदुर्ग येथे बसवले. सोलापूरच्या माणसाला तारा तीन सेकंद गेलेला दिसला. म्हणजे तिथून सावलीचा साठ किलोमीटरचा पट्टा गेला. मोहोळला तो एकच सेकंद गेला. तिथला पट्टा वीस किलोमीटरचा. पंढरपूर आणि नळदुर्ग येथे तारा हललाच नाही. हे पट्टे कागदावर शेजारी शेजारी काढले की लघुग्रहाची आकृती उमटू लागते. पंढरपूरच्या आणि नळदुर्गच्या माणसांनी काहीच पाहिले नाही, तरी सावली त्यांच्यापर्यंत पोचली नाही हे त्यांच्याचमुळे कळले. ते दोघे नसते, तर हा गोल साठ किलोमीटरचा की दोनशे किलोमीटर लांब भोपळ्यासारखा, हे ठरवता आले नसते.

यात सगळा खेळ वेळेचा आहे. घड्याळ एक सेकंद चुकले की सावली वीस किलोमीटर इकडची तिकडे होते. आमच्या सोलापुरात एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावत. कामावर जायला भोंगा पुरेसा होता, पण या कामाला तो पुरला नसता. आमच्यासारख्या हौशी लोकांना आधार होता तो आकाशवाणीच्या वेळेच्या ठोक्यांचा. तासाच्या आधी रेडिओवर जे बारीक ठोके वाजतात, त्यांवर घड्याळ लावायचे. आता उपग्रहांकडून जीपीएसची वेळ मिळते आणि ती सेकंदाच्या फार लहान भागापर्यंत अचूक असते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. वीसेक वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना असेल. गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती, थंडी होती आणि हुरड्याचे दिवस होते. एका लघुग्रहाची सावली आपल्या भागातून जाण्याची शक्यता असल्याचे आम्हाला कळले होते. त्या काळी ताऱ्यांच्या आणि लघुग्रहांच्या जागा आजच्याइतक्या नेमक्या ठाऊक नसत. त्यामुळे सावलीचा पट्टा शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे होणे नवलाचे नव्हते. आम्ही पट्ट्याच्या कडेला होतो. तरी म्हटले, जाऊ या.

शहरातल्या दिव्यांत काम जमेना, म्हणून बार्शी रस्त्याला नान्नजच्या पुढे एका विद्यार्थ्याच्या शेतात गेलो. बरोबर सहा मुले, शाळेच्या बाहेरची एक जुनी दुर्बीण, एक ट्रान्झिस्टर आणि एक टेपरेकॉर्डर. पद्धत अशी की टेप चालू ठेवायची, तिच्यावर आधी रेडिओचे ठोके घ्यायचे, मग दुर्बिणीला डोळा लावलेल्याने तारा जाताच ‘गेला’ आणि येताच ‘आला’ असे ओरडायचे. नंतर टेप ऐकून सेकंद मोजायचे. डोळा ते तोंड या प्रवासात थोडा वेळ जातो, तो वजा करायचा.

दुर्बिणीपाशी एका मुलीला बसवले होते, कारण तिची नजर सगळ्यांत स्थिर होती. ठरलेली वेळ जवळ आली. आम्ही सगळे गप्प. ज्वारीच्या ताटांचा सळसळाट तेवढा ऐकू येत होता. वेळ आली आणि गेली. दोन मिनिटे गेली, पाच गेली. शेवटी ती म्हणाली, “सर, काहीच झालं नाही.”

तिचा आवाज रडवेला होता. तेवढ्यात बाजूच्या छोट्या दुर्बिणीतून पाहणारा एक मुलगा म्हणाला, “सर, मला वाटतं, मधेच एकदा बारीक लुकलुकला.” खरे सांगतो, त्या क्षणी मलाही तसेच वाटावेसे वाटले. एवढ्या लांब आलो होतो, थंडीत कुडकुडत होतो. अर्धा सेकंद लिहायला काय हरकत होती? लहान दुर्बिणीत तारा तसाही लुकलुकतोच. पण टेप पुन्हा लावून ऐकली, तर तिच्यावर रेडिओचे ठोके होते, कुठल्याशा कुत्र्याचे भुंकणे होते, ‘गेला’ मात्र नव्हते. मी मुलीला वहीत लिहायला सांगितले, ‘तारा झाकला गेला नाही.’ तिला ते पानच फाडायचे होते.

शेकोटीपाशी त्या विद्यार्थ्याचे आजोबा हुरडा भाजत होते. त्यांनी विचारले, “काय गुरुजी, दिसलं का?” मी म्हटले, “नाही आजोबा, आपल्याकडे सावली आलीच नाही.” ते म्हणाले, “मग तसं लिवा की. पाऊस पडला नाही तरी तालुक्याला शून्य लिवूनच घेतात न्हवं? लिवलं नाही तर दुष्काळ कसा कळायचा?”

मला जे वर्गात शिकवायला तास लागला असता, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. आम्ही तो ‘नाही’ अशा नोंदी गोळा करणाऱ्यांकडे पाठवून दिला.

नोंद जशी आहे तशी ठेवण्याचे मोल किती, हे आपल्याच देशातल्या एका घटनेने चांगले कळते. १० मार्च १९७७ रोजी युरेनस हा ग्रह तूळ राशीतल्या एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता. युरेनसचा शोध विल्यम हर्शेलने १७८१ साली लावला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे जगभरच्या दुर्बिणींनी हा ग्रह पाहिला होता. या पिधानातून त्याचा व्यास आणि त्याची हवा यांविषयी नवे काही कळेल, एवढीच अपेक्षा होती. अमेरिकेच्या जेम्स एलियट यांची तुकडी दुर्बीण बसवलेल्या विमानातून दक्षिण हिंदी महासागरावर उडत होती. भारतात तामिळनाडूमधील कवलूर येथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हे एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसले होते. कवलूरची वेधशाळा उभी केली ती वैणू बाप्पू यांनी. बाप्पूंचे बालपण हैदराबादला गेले आणि त्यांचे वडील तिथल्या निजामिया वेधशाळेत काम करत.

विमानातल्या मंडळींनी यंत्रे ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी सुरू केली होती. युरेनस ताऱ्यापुढे यायला अर्ध्या तासाहून अधिक अवकाश असताना ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद एकदम उतरला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला. मग पुन्हा, पुन्हा. कवलूरच्या नोंदीतही असाच एक ठळक खड्डा होता. युरेनस तर अजून दूर होता. मग ताऱ्यापुढून कोण गेले?

भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी निष्कर्ष काढला की हा युरेनसचा एक नवा उपग्रह असावा. ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध त्याच मथळ्याने प्रसिद्ध झाला. विमानातल्या लोकांनाही आधी छोट्या उपग्रहांचीच शंका आली होती. पण ग्रह पुढे सरकल्यावर दुसऱ्या बाजूलाही तसेच खड्डे त्यांच्या नोंदीत मिळाले, आणि ते ग्रहापासून तितक्याच अंतरावर होते. एका बाजूला जेवढे, तेवढेच दुसऱ्या बाजूला. उपग्रह असे जोडीजोडीने उभे राहत नाहीत. म्हणजे ग्रहाभोवती कडी होती. कवलूरला बाप्पू आणि भट्टाचार्य यांनी आपल्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि त्याच वर्षी युरेनसभोवतीच्या कड्यांवर दुसरा शोधनिबंध लिहिला. तोपर्यंत कडी असलेला ग्रह म्हणून एकटा शनी ठाऊक होता. १९८६ च्या जानेवारीत ‘व्हॉयेजर–२’ हे यान युरेनसजवळून गेले आणि त्याने त्या कड्यांची जवळून छायाचित्रे घेतली. आज युरेनसची तेरा कडी आपल्याला माहीत आहेत.

मला या गोष्टीत विशेष वाटते ते हे की कवलूरचा पहिला अर्थ चुकला होता, नोंद चुकली नव्हती. अर्थ बदलता येतो. त्यासाठी मूळ कागदावरची रेघ जशी यंत्राने काढली तशी राहिलेली असावी लागते. कोणी तो खड्डा ‘यंत्राचा दोष’ म्हणून पुसला असता, किंवा आपल्या मनातल्या उपग्रहाला शोभेल असा थोडा नीट केला असता, तर पुन्हा तपासायला काहीच उरले नसते.

दुसरी गोष्ट प्लूटोची. ९ जून १९८८ रोजी प्लूटो एका ताऱ्यापुढून गेला, तेव्हा तारा दिवा विझावा तसा एकदम गेला नाही. कंदिलाची वात खाली करावी तसा हळूहळू मंदावत गेला. चंद्रावर हवा नाही, म्हणून चंद्राच्या कडेला तारा पटकन जातो. इथे तो रेंगाळला, कारण प्लूटोभोवतीच्या विरळ हवेने ताऱ्याचे किरण वाकवले. प्लूटोला हवा आहे हे असे पक्के झाले. ती मुख्यतः नायट्रोजनची आहे.

१९८९ नंतर प्लूटो सूर्यापासून दूर दूर चालला आहे. म्हणजे थंडी वाढणार, हवा गोठून जमिनीवर बसणार, असे अनेकांना वाटत होते. पण १९८८ ते २०१६ या काळातील बारा पिधानांनी उलटेच दाखवले. तिथला हवेचा दाब जवळजवळ तिप्पट झाला होता. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मे महिन्यात सूर्य बाराच्या सुमारास माथ्यावर असतो, पण सोलापूरचा खरा ताव तीन वाजता लागतो. तापायला आणि निवायला वेळ लागतो. प्लूटोचे एक वर्ष आपल्या सुमारे २४८ वर्षांचे, तेव्हा तिथली दुपारही लांबायचीच. शिवाय तिथल्या नायट्रोजनच्या बर्फाचे साठे कुठे आहेत आणि त्यांवर ऊन किती पडते, यावरही हा दाब ठरतो.

मग हा दाब वाढतच राहणार की थांबणार? याचे उत्तर भारतातून मिळाले. ६ जून २०२० रोजी प्लूटोने पुन्हा एक तारा झाकला. देश टाळेबंदीतून नुकता बाहेर पडत होता आणि आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तीनच दिवसांपूर्वी ‘निसर्ग’ चक्रीवादळ येऊन गेले होते. उत्तराखंडात नैनितालजवळ देवस्थळ येथे मात्र दोन दुर्बिणींना हे पिधान नोंदवता आले. एक ३.६ मीटर व्यासाची, दुसरी १.३ मीटरची. त्यावरून निघालेला दाब पृथ्वीवर समुद्रसपाटीला असणाऱ्या दाबाच्या ऐंशी हजारांहून अधिक पटींनी कमी होता. शिवाय २०१५ च्या मध्यापासून तो वाढायचा थांबून एका पातळीवर स्थिरावल्याचे दिसले. फ्रान्सचे ब्रुनो सिकार्डी यांच्यासह लिहिलेला हा शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पवार, देशमुख, देशपांडे ही आडनावे वाचून मला आपल्या घरातले कोणी पेपरात आल्यासारखे वाटले. प्लूटो आता आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांच्या पट्ट्यापासून दूर सरकतो आहे, त्यामुळे त्याची अशी पिधाने दुर्मीळ होत जाणार आहेत. ही संधी हुकली असती, तर दाबाच्या आलेखात तेवढीच मोकळी जागा राहिली असती.

मोठ्या दुर्बिणींचे हे ऐकून कोणी म्हणेल, आपण सामान्य माणसांनी यात काय करायचे? त्यासाठी अर्जेंटिनातली एक हकीकत सांगतो. ‘न्यू होरायझन्स’ हे यान प्लूटोनंतर आणखी एका दूरच्या लहानशा गोलाकडे निघाले होते. आज त्याला अरोकोथ म्हणतात. त्याचा आकार कोणालाच ठाऊक नव्हता. १७ जुलै २०१७ रोजी त्याची सावली अर्जेंटिनातून जाणार होती. शास्त्रज्ञांनी चोवीस फिरत्या दुर्बिणी माळावर ओळीने मांडल्या. ऐन हिवाळा आणि सोसाट्याचा वारा. तिथल्या गावकऱ्यांनी रस्त्यावरचे दिवे बंद केले, महामार्गावरची वाहतूक काही वेळ थांबवली आणि वारा अडवायला दुर्बिणींच्या बाजूला ट्रक आणून उभे केले. चोवीसांपैकी पाच दुर्बिणींना तारा क्षणभर गेलेला दिसला. त्या पाच रेघांवरून अंदाज आला की हा गोल एकसंध नसावा, दोन भाग चिकटलेले असावेत. १ जानेवारी २०१९ रोजी यान तिथे पोचले, तेव्हा छायाचित्रात दोन भाग जोडलेलाच गोल दिसला. उरलेल्या एकोणीस दुर्बिणींच्या नोंदी ‘नाही’ अशाच होत्या, आणि सावलीची हद्द आखायला त्याही लागल्या.

हे वाचले तेव्हा मला नान्नजच्या पुढचे ते शेत आठवले. ट्रक उभा करणाऱ्याला दुर्बिणीतून काहीच पाहायला मिळाले नसेल. तरी त्या पाच रेघांत त्याचा वाटा आहे.

अलीकडे ताऱ्यांच्या जागा ‘गाया’ या युरोपीय उपग्रहाने फार नेमक्या मोजून ठेवल्या आहेत. त्यामुळे सावली कुठून जाणार हे आता पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक सांगता येते. लघुग्रहांची पिधाने मध्यम दुर्बिणीला साधा कॅमेरा लावूनही नोंदवता येतात. आपल्याकडे हिवाळ्यातले आकाश कोरडे आणि स्वच्छ असते. माळरानावर अजून थोडा अंधार शिल्लक आहे. तो जपायला हवा. ज्यांच्याकडे दुर्बीण नाही, त्यांनी निदान चंद्राने एखादा ठळक तारा झाकण्याची वेळ पंचांगात किंवा वर्तमानपत्रात पाहून गच्चीवर जावे. चंद्राच्या काळोख्या कडेशी तारा कसा एकदम जातो ते एकदा पाहावे आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवावी. ढग आले तर ‘ढग होते’ असे लिहावे.

त्या मुलीची वही अजून माझ्या कपाटात आहे. पान फाडू दिले नाही म्हणून ती तेव्हा माझ्यावर थोडी रुसली होती. पुढे ती शिकून परगावी गेली. मागच्या दिवाळीत मुलाला घेऊन घरी आली, तेव्हा मी वही काढून दिली. तिने ते पान मुलाला दाखवले. त्याने अक्षर लावत वाचले, ‘तारा झाकला गेला नाही’, आणि विचारले, “आई, मग तू काय पाहिलंस?”

ती म्हणाली, “तारा पाहिला. सगळा वेळ तो तिथेच होता.”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)